सहाशे येनांचा दावा आणि महागलेला तांदूळ

"जपानमध्ये गरीब असतात का हो?" तिकडून आल्यापासून ठाण्यात मला हा प्रश्न कितीतरी जणांनी विचारला. आपल्या डोळ्यांसमोर बुलेट ट्रेन आणि चकचकीत तोक्यो असतं, त्यामुळे प्रश्न चुकीचा नाही. माझी भाची तोक्योत एदोगावा भागात राहते. तिच्याकडे अडीच महिने राहून, वर्तमानपत्रातल्या बातम्या तिच्याकडून समजून घेऊन आणि दुकानांतून फिरून जे कळलं ते लिहिते आहे. मी अर्थतज्ज्ञ नाही. नर्सिंगचा डिप्लोमा आणि वॉर्डातली पस्तीस वर्षं एवढंच भांडवल आहे.

सुरुवात तांदळापासूनच करायला हवी, कारण २०२५ साली तिकडे सगळ्यांच्या तोंडी तोच विषय होता. पाच किलोची पिशवी आधीच्या वर्षी साधारण दोन हजार येनांना मिळायची, ती मे २०२५ मध्ये सरासरी ४,२०० च्या वर गेली. एका वर्षात दुप्पट! आपल्याकडे असं झालं असतं तर मोर्चे निघाले असते. त्यातच तिथले कृषिमंत्री एतो ताकू एका सभेत बोलून गेले की, मला तांदूळ कधी विकत घ्यावा लागत नाही, समर्थक इतका आणून देतात. झालं, २१ मे रोजी मंत्रिपद गेलं. त्यांच्या जागी माजी पंतप्रधानांचे चिरंजीव कोइझुमी शिन्जिरो आले. त्यांनी सरकारी कोठारातला साठवणीचा तांदूळ थेट दुकानदारांना दिला, आणि तो पाच किलोला दोन हजार येनांच्या आसपास विकला जाऊ लागला. त्यासाठी लोक पहाटेपासून रांगेत उभे राहिले. रांगेतल्या बहुतेक बायका माझ्या वयाच्या होत्या.

त्या वयाच्या बाईचा हिशेब मांडून बघू. जपानमध्ये ज्याने चाळीस वर्षं राष्ट्रीय पेन्शनचे हप्ते पूर्ण भरले, त्याला २०२५-२६ साली महिन्याला ६९,३०८ येन मिळतात. येनाचे साठ पैसे धरले तर झाले एक्केचाळीस-बेचाळीस हजार रुपये. ऐकायला बरे वाटतात. पण तोक्योत एका खोलीचं भाडंच पन्नास हजार येनांच्या आसपास आहे. उरल्या वीस हजारांत वीज, गॅस, पाणी, फोन, औषधं आणि जेवण. शिवाय जिने दुकानात अर्धवेळ काम केलं किंवा मध्येच हप्ते चुकवले, तिला पूर्ण पेन्शनही नाही. नोकरदारांची वेगळी, मोठी पेन्शन असते, पण ती मुख्यतः नवऱ्याच्या नावावर. एकट्या म्हाताऱ्या बायका गरीब का, याचं उत्तर इथे आहे.

मग त्या काय करतात? काटकसर, आणि तीही शिस्तीने. संध्याकाळी सातनंतर सुपरमार्केटातला माणूस मासे आणि तयार जेवणाच्या डब्यांवर अर्ध्या किमतीची चिठ्ठी चिकटवत फिरतो. त्याच्या मागेमागे, पण अंतर राखून, बायका चालतात. कोणी ढकलाढकली करत नाही. मोड आलेल्या मुगासारखी 'मोयाशी' नावाची भाजी तीस-चाळीस येनांत मिळते, तिच्यावर कित्येक घरांचा महिनाअखेर निघतो. घरखर्चाची वही लिहायची सवय तर शंभर वर्षांहून जुनी. हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली ती छापून काढली. माझी आईसुद्धा दुधाचा आणि वाण्याचा हिशेब कॅलेंडरवर लिहायची, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. उलट वाटलं की काटकसर शिकवणारी पुस्तकं ज्यांच्याकडे वाचवायला काही आहे त्यांच्यासाठी असतात. मोयाशीच्या खाली आणखी स्वस्त भाजी नाही. तिथे पोहोचल्यावर मदत मागण्याशिवाय मार्ग उरत नाही, आणि जपानी माणसाला तेच सगळ्यात जड जातं.

मदत आहे, आणि कागदावर ती चांगली आहे. तिचं नाव 'सेइकात्सु होगो', म्हणजे निर्वाहाचं संरक्षण. ३ मे १९४७ रोजी लागू झालेल्या त्यांच्या घटनेचं २५वं कलम म्हणतं की प्रत्येक नागरिकाला निरोगी आणि सुसंस्कृत जगण्याची किमान पातळी मिळण्याचा हक्क आहे. 'सुसंस्कृत' हा शब्द लक्षात ठेवा. मदत मंजूर झाली की रोजच्या खर्चाचे पैसे, मर्यादेपर्यंत घरभाडं (तोक्योच्या शहरभागात एकट्याला ५३,७०० येन), आणि वैद्यकीय उपचार पूर्ण मोफत मिळतात. एरवी तिथे विमा असला तरी बहुतेकांना बिलाचे तीस टक्के भरावे लागतात. जवळजवळ वीस लाख लोक ही मदत घेतात आणि त्यातली निम्म्याहून जास्त कुटुंबं म्हाताऱ्यांची आहेत, बहुतेक एकेकटी.

पण पात्र असून न मागणारे फार. कारण काय? अर्ज केला की कार्यालय मुलांना, भावंडांना पत्र पाठवून विचारत असे की तुम्ही यांना पोसू शकता का. ती चौकशी होईल या भीतीनेच लोक अर्ज करत नाहीत. मुलाला कळण्यापेक्षा उपाशी राहिलेलं बरं, असा विचार. हे मला समजवून सांगायला भाची लागली नाही. आपल्याही लोकांत अशा म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत. औषध अर्धं तोडून घेतील, पण सून विचारेल म्हणून पैसे मागणार नाहीत. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२० मध्ये आपण होऊन जाहीर केलं की मदतीसाठी अर्ज करणं हा हक्क आहे, आणि २०२१ मध्ये नातेवाईकांच्या चौकशीचे नियम सैल केले.

दुसरं कारण म्हणजे कार्यालयाचा उंबरठा. तिथे एक शब्द आहे, 'मिझुगिवा', पाण्याचा काठ. माणसाला काठावरच अडवायचं, अर्ज हातात द्यायचाच नाही. २००७ साली कितक्यूशू शहरात मदत बंद झालेला बावन्न वर्षांचा एक माणूस घरात भुकेने मेलेला सापडला. त्याच्या डायरीत भाताचा एक गोळा खायची इच्छा लिहिलेली होती. सगळा देश हादरला. तरी २०२३ साली गुन्मा प्रांतातल्या किर्यू शहरात उघड झालं की कार्यालय मदतीचे पैसे दिवसाला एक हजार येन असे सुटे देत होतं, आणि महिन्याची पूर्ण रक्कम हातात पडतच नव्हती. लोकांचे सहीचे शिक्केसुद्धा कार्यालयाने आपल्याकडे ठेवले होते, शेकड्यांनी.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसले त्या माणसाकडे येते. असाही शिगेरू. क्षयाचा रोगी, ओकायामाच्या सरकारी आरोग्यधामात वर्षानुवर्षं खाटेवर. सरकारी मदतीतून त्याला हातखर्चाला महिन्याला ६०० येन मिळत. १९५६ मध्ये कार्यालयाने त्याचा दुरावलेला भाऊ शोधून काढला आणि त्याला महिना १,५०० येन पाठवायला लावले. मग त्यातले ६०० असाहीला ठेवून ९०० दवाखान्याच्या खर्चात वळवले आणि सरकारी हातखर्च बंद केला. म्हणजे भावाच्या तोंडचा घास काढला आणि रोग्याच्या हातात एक येनही जास्त पडला नाही. ते ६०० कसे ठरवले होते? दोन वर्षांतून एक बनियन, वर्षातून एक आतली चड्डी, असा हिशेब होता.

मी मुंबईतल्या क्षयाच्या वॉर्डात काम केलं आहे. क्षयाचा रोगी रात्री घामाने ओलाचिंब होतो. चादर पिळावी लागते. दोन वर्षांत एक बनियन हा आकडा ज्याने लिहिला, त्याने रात्रपाळी कधी केली नसणार.

असाहीने १९५७ मध्ये खाटेवरून सरकारवर दावा लावला. म्हणणं साधं होतं: ६०० येनांत घटनेतलं ते सुसंस्कृत जगणं होत नाही. १९६० मध्ये तोक्योच्या जिल्हा न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. १९६३ मध्ये वरच्या न्यायालयात तो हरला, १९६४ मध्ये वारला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क त्या माणसापुरता होता, त्याच्याबरोबर खटलाही संपला. हरला म्हणायचं तर हरला. पण पहिल्या निकालानंतर १९६१ पासून मदतीचे दर चांगलेच वाढवले गेले.

हीच गोष्ट साठ वर्षांनी पुन्हा घडली. २०१२ साली एका प्रसिद्ध विनोदी नटाची आई सरकारी मदत घेते, अशी बातमी आली. मुलगा एवढा कमावतो आणि आई सरकारच्या पैशावर! बेकायदा काही नव्हतं, पण लोकांचा संताप झाला, आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत मदत दहा टक्क्यांनी कापण्याचं वचन देणारा पक्ष सत्तेत आला. २०१३ ते २०१५ मध्ये रक्कम सरासरी साडेसहा टक्के, काहींची दहा टक्के कापली गेली. सरकारचं कारण: महागाई उतरली आहे. फिर्यादींचं उत्तर मला फार आवडलं. त्यांनी दाखवलं की त्या हिशेबात दूरदर्शन संच आणि कॉम्प्युटर यांच्या पडलेल्या किमतींचं वजन मोठं होतं. मदतीवरची म्हातारी दरवर्षी टीव्ही घेते का? तिचा पैसा जातो तांदळात आणि विजेत.

एकोणतीस प्रांतांतून हजारावर लोक न्यायालयात गेले. २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही कपात बेकायदा ठरवली. तज्ज्ञांना न विचारता नुसत्या किमतींवरून दर पाडता येत नाहीत, असा अर्थ. नुकसानभरपाई मात्र नाकारली. निकालाआधी दोनशेहून जास्त फिर्यादी वारले होते. नोव्हेंबरमध्ये सरकारने नव्याने हिशेब करून कापलेल्या रकमेचा काही भागच परत द्यायचं ठरवलं. माझ्या मते हे बरोबर नाही. चुकून कमी दिलेला डोस नंतर अर्धाच भरून देत नाहीत.

तिकडच्या मराठी कुटुंबांविषयी थोडं. एदोगावातल्या निशि-कासाइ भागात आपली माणसं बरीच आहेत. आपल्या महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तिथल्या स्थानिक सभेवर निवडूनही आले. बहुतेक मंडळी कॉम्प्युटरच्या नोकरीत, त्यामुळे गरिबीचा विचारच कोणाच्या मनात नसतो. पण नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला सेइकात्सु होगो मिळत नाही. १९५४ च्या एका परिपत्रकाप्रमाणे ती कायम रहिवाशांना, जपानी व्यक्तीच्या जोडीदारांना वगैरे दिली जाते. आणि २०१४ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की परदेशी माणसाला कायद्याने तो हक्क नाही, कार्यालयाच्या मर्जीवर आहे. नोकरी सुटली आणि तीन महिने काम नसलं तर व्हिसाच अडचणीत येऊ शकतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात वॉर्डाच्या कचेरीत जायचं. उत्पन्न कमी झाल्याचं दाखवलं तर आरोग्य विम्याचा हप्ता कमी होतो, पेन्शनच्या हप्त्याला माफी मिळू शकते. मुलांचा भत्ता ऑक्टोबर २०२४ पासून अठरा वर्षांपर्यंत आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. वकिलाचा सल्ला हवा तर 'होतेरासु' ही सरकारी संस्था आहे. आणि पोरांच्या जेवणासाठी 'कोदोमो शोकुदो', मुलांच्या खाणावळी. २०१२ मध्ये तोक्योच्या ओता भागात एका भाजीवाल्या बाईंनी पहिली सुरू केली, आता देशभरात दहा हजारांवर आहेत. तिथे तुम्ही गरीब आहात का असं कोणी विचारत नाही. कोणीही यावं, जेवावं.

आपल्या इथे संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला दीड हजार मिळतात, आणि त्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत हवं. वर्षाचं, महिन्याचं नव्हे. दोन वर्षांत एक बनियनसारखाच हा आकडा आहे. पण एक सोय आपल्याकडे खरोखर मोठी आहे, आणि तीही लोक मागत नाहीत. धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना आहे. तातडीच्या रोग्याला अनामत रक्कम न मागता घ्यायचं असतं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड एका पिशवीत तयार ठेवा, काउंटरवर न भांडता समाजसेवा अधिकारी कुठे बसतात ते विचारा, आणि हे भरती होतानाच करा. डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात आल्यावर फार थोडं करता येतं.