विश्लेषण: गिनीजमध्ये पहिला आलेला घोडा डर्बीही जिंकेलच का?

डिसेंबरमध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘इंडियन २००० गिनीज’ शर्यत होते आणि डर्बीचा ‘पक्का’ घोडा कोणता, याची चर्चा सुरू होते. मोबाइल हातात असला की असा ‘पक्का’ घोडा अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापुरात बसलेल्या माणसापर्यंतही पोहोचतो. पण एका शर्यतीवरून तरुण घोड्याचा अंदाज बांधता येतो का?

दोन शर्यतींत फरक काय?

गिनीज १६०० मीटरची असते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला होणारी इंडियन डर्बी २४०० मीटरची, म्हणजे दीडपट लांब. १६०० मीटरला वेग पुरतो, २४०० मीटरला दम लागतो. छोट्या अंतरात आघाडी टिकवणारा घोडा पुढच्या ८०० मीटरमध्ये थकू शकतो. गिनीजमध्ये चौथा आलेला, पण शेवटी वेग वाढवत आलेला घोडा डर्बीत भारी पडू शकतो.

घोड्याचे वय कसे मोजतात?

बैलगाडा शर्यतीत दात पाहून ‘आदत’ बैल वेगळा काढतात. रेसच्या घोड्यांत तारीख चालते. भारतात १ जानेवारीला सगळ्यांचे वय एका वर्षाने वाढते. त्यामुळे डर्बीत चार वर्षांचा म्हणून धावणाऱ्या, पण मार्च-एप्रिलमध्ये जन्मलेल्या घोड्याला खरी चार वर्षे पूर्ण झालेली नसतात. अशा घोड्यात दोन महिन्यांतही बराच फरक पडू शकतो.

निकालात नेमके काय पाहायचे?

क्रमांकाआधी शेवटचे ४०० मीटर पाहा. घोडा अंतर कापत होता की मागे पडत होता? सुरुवातीचा वेग किती होता? फार वेगवान सुरुवात झाली असेल, तर पुढे धावणारे थकतात आणि मागून येणाऱ्यांचे फावते. घोडा गर्दीत अडकला होता का? पाठीवर वजन किती होते? मोठ्या विश्रांतीनंतरची ही पहिलीच धाव होती का?

इतिहास काय सांगतो?

अमेरिकेचा सेक्रेटेरियट १९७३ मध्ये केंटकी डर्बीच्या दोन आठवडे आधी ‘वुड मेमोरियल’मध्ये तिसरा आला. त्याच्या तोंडात गळू झाले होते. पुढे त्याने डर्बी विक्रमी वेळेत जिंकली आणि बेलमाँट स्टेक्स तब्बल ३१ लांबींनी. २०२२ मध्ये रिच स्ट्राइकला दुसऱ्या घोड्याने माघार घेतल्यामुळे आदल्या दिवशी केंटकी डर्बीत जागा मिळाली. भाव एकास ८० होता, तरी तोच जिंकला.

मग पूर्वतयारीच्या शर्यती निरुपयोगी आहेत का?

नाही. कमकुवत घोडे त्यातून लवकर ओळखू येतात. विजेता ठरवणे मात्र अवघड असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानले. पण कौशल्य म्हणजे खात्री नव्हे. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून शर्यतीवरील पैजांना ४० टक्के जीएसटी लागू आहे, म्हणजे अंदाज बरोबर आला तरी हातात कमीच उरते.

म्हणून ‘पक्का घोडा’ असा मेसेज आला, तर पाठवणाऱ्याला एवढेच विचारा: शेवटच्या ४०० मीटरमध्ये तो कसा धावला? उत्तर नसेल, तर तो मेसेज पुढे पाठवू नका आणि त्यावर पैसेही लावू नका.