मालकाची मर्जी आणि कंपनीचे मस्टर

साक्री तालुक्यात मुलीसाठी स्थळ पाहावयास गेलेल्या मंडळींना वरपित्याच्या तोंडून हल्ली जे पहिले वाक्य ऐकू येते, ते शेताचे, विहिरीचे अथवा बैलजोडीचे नसते. "पोऱ्या कंपनीमा शे," एवढे सांगून तो निश्चिंत होतो. मग ती कंपनी नाशिकच्या सातपूर-अंबडला आहे, पुण्याजवळ चाकणला आहे की सुरतेस, मुलगा तेथे यंत्र चालवतो की फाटकावर उभा राहतो, आणि मुख्य म्हणजे त्याचे नाव कंपनीच्या पटावर आहे की कोणा कंत्राटदाराच्या वहीत, ही चौकशी चहापाणी आटोपल्यावर, तीही अर्धवटच, होते. ज्या समाजाने नोकरीला कनिष्ठ मानण्याचा पाठ पिढ्यान्‌पिढ्या घोकला, त्याने कंपनीला एवढी प्रतिष्ठा का द्यावी, आणि ती प्रतिष्ठा ज्याला लाभली तो मुलगा दिवाळीस घरी आला म्हणजे त्याच कंपनीविषयी इतक्या कडवटपणे का बोलतो, या दोन प्रश्नांची उत्तरे मला तरी निरनिराळी देता येत नाहीत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हा मुलगा कोणत्या व्यवस्थेतून कंपनीकडे गेला, हे पाहिले पाहिजे. या तालुक्याच्या पश्चिम भागातील आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेतील कारखान्यांच्या उसतोडीस जातात. जाण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यावयाची, नवराबायकोने मिळून एक कोयता म्हणून हंगामभर ऊस तोडावयाचा, आणि परतताना हिशोब मुकादमाच्या वहीत पाहावयाचा. त्या वहीत बाकी निघालीच तर पुढच्या हंगामाचे श्रम आजच गहाण पडतात. येथे मालक अनोळखी मुळीच नसतो. मुकादम मजुराच्या पाड्यावरचा किंवा शेजारच्या गावचा, त्याच्या घरातले लग्न, आजारपण आणि कर्ज यांची खडानखडा माहिती असलेला माणूस असतो, आणि त्याच्या हाती असलेली सत्ता बव्हंशी या माहितीतूनच आलेली असते. शेतावरच्या सालदाराची आणि बाजारपेठेतील दुकानावर राबणाऱ्या पोऱ्याची स्थितीही याहून फार निराळी नाही. पगार किती, रजा कधी, हे सारे मालकाच्या मर्जीवर. आणि मर्जी म्हटली की खुशामत आली.

अशा व्यवस्थेतून आलेल्या मनुष्यास मोठ्या कंपनीत पहिल्याच महिन्यात जे आवडते ते पगाराच्या आकड्यापेक्षा पगाराचे कागद होत. ठरलेल्या तारखेस खात्यात रक्कम जमा होते, आणि तिच्यामागोमाग येणाऱ्या पगारपत्रकात मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे असे रकाने असतात. पलीकडे भविष्यनिर्वाह निधीची १२ टक्के कपात दिसते, आणि तेवढीच रक्कम मालकालाही भरावी लागते हे कोणी समजावून सांगितले म्हणजे त्या कपातीचे दुःख निम्मे होते. पगार दरमहा २१,००० रुपयांच्या आत असेल आणि आस्थापना राज्य कामगार विम्याच्या कक्षेत असेल, तर कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के मिळून घरातल्या सर्वांच्या औषधोपचाराची तरतूद होते. हा एक कागद घेऊन मनुष्य बँकेच्या शाखेत गेला की ज्या टेबलासमोर त्याच्या वडिलांना सातबारा, जामीनदार आणि शिफारस घेऊन ताटकळावे लागे, त्याच टेबलावर त्याच्या मोटारसायकलच्या कर्जाचा अर्ज दाखल करून घेतला जातो.

आणखी एक गोष्ट आवडते, पण तिच्याविषयी मोकळेपणाने कोणी बोलत नाही. कंपनी माणसाला ओळखत नाही. त्याची जात कोणती, त्याच्या आजोबांनी कोणाकडे सालदारी केली, त्याच्या घरावर कोणाचे देणे आहे, हे पंचिंगच्या यंत्रास ठाऊक नसते. उपाहारगृहाच्या रांगेत ताट घेऊन उभे राहताना पुढे कोण आणि मागे कोण याचा विचार करावा लागत नाही. ज्यांना गावाने फार चांगले ओळखले होते, त्यांना ही अनोळख मोकळ्या हवेसारखी वाटली तर नवल नाही. मोठ्या उद्योगाला नियमाने वागणे परवडते, एवढेच नव्हे तर सोयीचेही असते, हे इतिहासानेही दाखविले आहे. जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ साली आणि भविष्यनिर्वाह निधी १९२० साली सुरू झाला. देशातील कारखान्यांचा कायदा १९४८ चा आणि निधीचा कायदा १९५२ चा. हजारो माणसांचा कारभार एकेकाची मर्जी पाहून हाकता येत नाही, तेथे नियमच करावा लागतो, आणि नियम एकदा झाला की तो दुबळ्याच्याही उपयोगी पडतो.

यावर कोणी म्हणेल की आपल्या खानदेशाने दयाळू मालकही पाहिले आहेत. पाहिले आहेत खरेच. अमळनेरच्या प्रताप शेठजींनी गिरणी चालविली, विद्यालयास हातभार लावला, आणि १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन करून एका आडवळणाच्या गावाचे नाव भारतातील विद्वानांच्या तोंडी आणले. परंतु त्यांच्याच नावाच्या हायस्कुलात १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे शिक्षक असलेले साने गुरुजी पुढे खानदेशातील गिरणीकामगारांची संघटना बांधण्यास उभे राहिले, यातला अर्थ ध्यानात घेतला पाहिजे: दातृत्व कितीही थोर असले तरी ते हक्काची जागा घेऊ शकत नाही. आणि मालक आपल्यातलाच असला म्हणजे सारे सुरळीत होते असेही नाही. साक्रीजवळ भाडणे येथील पांझरा-कान सहकारी साखर कारखान्याचे मालक या तालुक्यातलेच शेतकरी सभासद होते, संचालकांना ओळखणार नाही असा माणूस मिळणे कठीण होते. तरी तो कारखाना बंद पडावयाचा तो पडला आणि वर्षानुवर्षे बंदच राहिला.

मग कंपनीतला मनुष्य कुरकुरतो कशाविषयी? त्याची गाऱ्हाणी नीट ऐकली तर ज्या अनोळखीमुळे तो सुखावला होता, तिच्याविरुद्धच ती आहेत असे आढळते. पाच वर्षे एकाच लाइनवर एकाच जातीचे बोल्ट आवळल्यानंतर आपण गेलो तर ती जागा तासाभरात भरेल हे त्याला कळून चुकते. दर दोन वर्षांनी साहेब बदलतो आणि आधीच्या साहेबाने पाहिलेले काम त्याच्याबरोबर निघून जाते. वर्षअखेरीच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात रात्रपाळीला बंद पडलेले यंत्र आपण कसे चालू केले यासाठी रकाना नसतो. बहीण बाळंतपणाला माहेरी आली, चार दिवस रजा हवी, म्हणून विचारले तर सुपरवायझर म्हणतो, "वरून परवानगी नाही". वर कोण बसला आहे आणि त्याने नाही म्हटले कधी, याचा पत्ता कोणालाच लागत नाही. पूर्वीच्या मालकाने रजा नाकारली तर निदान त्याच्या ओट्यावर जाऊन बसता येत होते. येथे राग कोणावर काढावा हेही ठरत नाही.

हे अंतर किती मोठे असू शकते, याचा अनुभव साक्रीइतका क्वचितच एखाद्या तालुक्यास आला असेल. ब्राह्मणवेल, छडवेल या भागातील पठारांवर पवनचक्क्यांचे मनोरे उभे राहिले, ते पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनच्या प्रकल्पामुळे. तुलसी तांती यांनी १९९५ साली स्थापन केलेल्या या कंपनीने २००७ साली जर्मनीतील रीपॉवर ही कंपनी ताब्यात घेतली, पुढे कर्जाचा भार असह्य झाला, २०१२ साली परदेशी रोख्यांची परतफेड चुकली, आणि २०१५ साली ती जर्मन कंपनी विकावी लागली. लहान मालकाचे दिवाळे निघावयाचे असेल तर त्याच्या दुकानातील माल कमी होताना नोकराच्या डोळ्यांना दिसतो. जर्मनीतील व्यवहाराचा आणि रोख्यांच्या बाजाराचा साक्रीच्या पठारावरील माणसाच्या पोटाशी संबंध असतो, पण त्याला तो वर्तमानपत्रांतून कळतो.

तथापि हे दोष सहन होण्यासारखे आहेत, कारण त्यांच्या बदल्यात नियमाचे संरक्षण मिळते. अनोळख पत्करावी आणि हक्क घ्यावा, हा सौदा शहाणा मनुष्य राजीखुशीने करील. माझी तक्रार आहे ती या सौद्यातील अर्धी बाजू गुपचूप काढून घेतली जात आहे याविषयी. पठारावरील एखाद्या मनोऱ्याच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोपटात रात्र काढणारा रखवालदार पाहावा. हातात विजेरी, अंगावर कोणत्या तरी एजन्सीचा निळा शर्ट, खुंटीला डबा, आणि पुढ्यात कडा दुमडलेले एक रजिस्टर, ज्यात तो दर तासाला सही करतो. मनोऱ्याचा मालक एक असतो, देखभालीचा करार दुसऱ्याशी झालेला असतो, आणि हा रखवालदार तिसऱ्याच कोणाच्या तरी हजेरीपटावर असतो. गावात त्याचीही ओळख 'कंपनीत आहे' अशीच करून दिली जाते. पण त्याला कामावर लावणारा माणूस ओळखीचाच असतो, त्याचा पगार त्या माणसाच्या सवडीने होतो, आणि तक्रार केली तर 'उद्यापासून येऊ नकोस' हे फर्मान तोंडीच निघते. कंपनीचे दूरत्व आणि मुकादमाची मर्जी या दोन्हींतले वाईट तेवढे त्याच्या वाट्यास आले. चांगले ते कोठल्या कोठे वाटेतच जिरले.

कायद्यास हे अपेक्षित नव्हते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने अशी तजवीज केली होती की कंत्राटदार मजुरांस वेतन वाटत असताना मुख्य मालकाचा प्रतिनिधी तेथे हजर असावा, आणि कंत्राटदाराने वेतन थकविले तर ते मुख्य मालकाने द्यावे व मागाहून कंत्राटदाराकडून वसूल करावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहितांनी जुन्या कायद्यांची जागा घेतली, त्यांतही थकलेल्या वेतनाची अंतिम जबाबदारी मुख्य मालकावरच आहे; शिवाय ठरावीक मुदतीच्या करारावर नेमलेल्या कामगारास पूर्वीप्रमाणे पाच वर्षांची वाट न पाहता एका वर्षाच्या सेवेनंतर उपदान मिळावे, अशी सोय झाली आहे. परंतु ज्याच्या हाती नेमणुकीचे पत्रच नाही, ज्याचा कंत्राटदार करार संपताच बदलतो आणि ज्याची सेवा त्या प्रत्येक बदलाबरोबर नव्याने सुरू झाल्याचे दाखविले जाते, त्याने कोणत्या दस्तऐवजाच्या आधारे दाद मागावी? कलम असते धुळ्याच्या कचेरीत. कामगार असतो पठारावर, आणि मधल्या अंतराचे एस. टी. चे भाडे व एक दिवसाची मजुरी त्याच्याच खिशातून जाते.

कंपन्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. काम कमीजास्त होते, स्पर्धा तीव्र आहे, प्रत्येक कामासाठी कायम माणूस ठेवला तर वीज महाग पडेल, असे त्या म्हणतात. आणि उभारणीच्या काळातील खोदाई, वाहतूक, क्रेनचे काम यांना हा युक्तिवाद लागूही पडतो. पण उभा राहिलेला मनोरा वीस-पंचवीस वर्षे चालावयाचा असतो. त्याची राखण, त्याच्या रस्त्याची निगा आणि त्याची देखभाल ही कामे हंगामी कशी म्हणावीत? कंत्राटदार नेमू नये असा माझा हट्ट नाही. कंत्राटदार बदलला तरी कामगाराची सेवा अखंड मोजावी, त्याच्या निधीच्या खात्यात दरमहा भरणा झाला की नाही याची रुजुवात कंपनीने स्वतः करावी, आणि महिन्यातून एक दिवस कंपनीचा जबाबदार अधिकारी साक्रीस किंवा निजामपुरास बसून तक्रारी लिहून घेईल व त्यांची उत्तरे मुदतीत, लेखी देईल, एवढे तरी व्हावे. यांत कंपनीचा खर्च थोडा आहे. तिच्या सोयीस्कर अज्ञानाला मात्र धक्का बसेल.

मोठेपणा आणि दुरावा यांची गाठ ब्रह्मदेवाने मारलेली नाही. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना काढण्यासाठी जी कंपनी स्थापन केली, ती विप्रो या नावाने जगभर गेली, कारभार बंगळुरास गेला, आणि धंदा संगणकाचा झाला. परंतु तिचे भाग अमळनेरकरांच्या घरोघरी राहिले, आणि वडिलांनी घेतलेल्या थोड्या भागांवर मुलाचे शिक्षण झाल्याच्या कथा त्या गावात आजही सांगितल्या जातात. कारभारी दूर गेले तरी फळात वाटा राहिला, म्हणून त्या गावाने कंपनीला परके मानले नाही. पठारावरच्या रखवालदारास कोणी कंपनीचे भाग देणार नाही. त्याला निदान त्याच्या स्वतःच्या श्रमाचा पुरता हिशोब तरी मिळावा.

याचा काही भार आपल्यावरही आहे. या तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प २०१३ साली उभा राहिला, वारा आणि ऊन यांच्या शोधात आणखी कंपन्या येतीलच, आणि प्रत्येकीच्या वेळी ग्रामसभेत किती पोरांना नोकऱ्या देणार हा प्रश्न हमखास विचारला जाईल. कंपनीचा माणूस एक आकडा सांगतो, टाळ्या पडतात, ठराव होतो. आकडा ऐकून झाल्यावर खाली न बसता आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय गावांनी लावून घेतली पाहिजे: ही नावे कोणाच्या मस्टरवर लागणार? याचे उत्तर लेखी मिळेपर्यंत ठरावावर सही करू नये.