पायातला दगड दारापुढेच राहू द्या

भिवंडीजवळ स्वतःच्या जागेवर घर बांधायला काढलेल्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे : "पाया खणताना तीन फुटांवरच काळा कातळ लागला. फोडलेल्या दगडाचा डोंगर झालाय. कंत्राटदार म्हणतो, उचलून न्यायचे वेगळे पैसे द्या. द्यावेत का?"

ताई, मुळीच देऊ नका! आज पैसे घेऊन नेलेला दगड उद्या जोत्याच्या भरावाला नि कुंपणाला 'डबर' म्हणून विकत घ्यावा लागतो. तुमच्याकडे निघाला आहे तो बेसाल्ट, आपला सह्याद्रीचा काळा दगड. तुमच्याच तालुक्यातली लोनाडची लेणी याच कातळात कोरलेली आहेत.

आधी हिशेबाचं बोलूया. कातळ फोडला की फुगतो. एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट, अखंड कातळाचा सुमारे दीड ब्रास डबर होतो. म्हणून खोदाईचं माप खड्ड्याचं धरायचं, ढिगाचं नाही. बिलाच्या वेळी टेप घेऊन स्वतः उभ्या राहा. बाईमाणसाला काय कळतंय, असं समजणारे पुष्कळ असतात.

मग ढीग निवडा, तांदूळ निवडतो तसा. दगडावर हातोडी मारून पाहा. खणखणीत आवाज आला तर दगड पक्का. बद्द आवाज आला, किंवा कांद्यासारखे पापुद्रे सुटत असले, तर तो भिंतीला नको, भरावात जाऊ द्या. वरची माती मात्र पहिल्या दिवसापासून वेगळी टाकायला गड्यांना बजावा. ती एकदा दगडात मिसळली, की बागेसाठी माती विकत आणावी लागते.

दगडाचा पहिला उपयोग शोभेसाठी नव्हे, पाण्यासाठी करा. भिवंडीचा पाऊस काय असतो ते तुम्हाला मी काय सांगू! पागोळ्या जिथे पडतात तिथे जोत्याला लागून दोन फूट रुंद पट्टा फोडलेल्या दगडाचा करा, आणि उतार घराकडून बाहेर द्या. चिखल भिंतीवर उडत नाही, पाणी पायाशी मुरत नाही. जागा उताराची असेल तर आडवा गडगा घाला, कोकणात घालतात तसाच, चुना-सिमेंटाशिवाय. मोठे दगड तळाशी. अडीच फूट उंचीला तळाची जाडी दीड फूट तरी हवी, आणि भिंत किंचित उताराच्या वरच्या बाजूला कललेली. लांब दगड आत शिरेल असा बसवा, दरजावर दरज येऊ देऊ नका. मागे बारीक कपच्या भरा, म्हणजे पाणी झिरपून जातं. तुंबलं तर तेच पाणी भिंत ढकलतं. तीन फुटांपेक्षा उंच भिंत मात्र इंजिनियरला विचारल्याशिवाय नको. शेजाऱ्याकडून येणारी पाण्याची वाटही अडवू नका, नाहीतर पहिल्याच पावसात भांडण.

दगड हलवताना जपून. घनफूटभर काळा दगड ८० किलोच्या आसपास भरतो. 'एवढासा तर आहे' म्हणून घरच्या माणसांनी उचलायला जाऊ नये. राहिलेला कातळ सुरुंगाने उडवण्याची भाषा कोणी केली, तर परवान्याशिवाय तो गुन्हा आहे हे ठणकावून सांगा. पहार, छिन्नी, घण यांनी फोडणारे कारागीर मिळतात.

दगडांच्या फटीत विंचू-साप बसतात, ही भीती खरी आहे. म्हणून गडगा दारापासून नि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब घाला, समोरच्या फटी कपच्यांनी बुजवा, त्यावर लाकूडफाटा रचू नका. खिडकीखाली काळ्या दगडाची रास नको. एप्रिल-मेमध्ये ती तापून रात्रीपर्यंत धग देते. पायवाटेला खडबडीत बाजू वर ठेवा, गुळगुळीत दगडावर आषाढात शेवाळ धरतं. गडग्याच्या माथ्यावर मातीचे कप्पे ठेवून पानओवा, कोरफड, अबोली लावा. खालच्या ओलाव्यात नेचे आपणहून येतात.

आता कायद्याचं. पायासाठी माती खणली, तर तेवढ्यावरून सरसकट स्वामित्वधन लावता येत नाही, वापर कशासाठी झाला ते पाहावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात म्हटलं आहे. तो निकाल मातीचा होता. दगडासाठी, आणि विशेषतः तो जागेबाहेर न्यायचा किंवा विकायचा असेल तर, आधी तहसील कार्यालयात विचारा आणि उत्तर लेखी घ्या. कंत्राटदाराने परस्पर ट्रक भरला, तर नोटीस जमीनमालकाच्या नावावरही येऊ शकते. तेव्हा करारातच एक ओळ घालून घ्या : खोदाईतून निघालेला दगड, मुरूम नि माती मालकाची.