पन्नास तोळ्यांच्या पुढचं

समुद्राकाठच्या खडकावर उभा राहून भिकू म्हात्रे अख्ख्या शहराला विचारतो, मुंबईचा राजा कोण? रघू शिवलकर घरी येतो आणि गळ्यातली पन्नास तोळ्यांची साखळी आईला दाखवतो. पहिला प्रसंग १९९८च्या ‘सत्या’तला, दुसरा १९९९च्या ‘वास्तव’मधला. आज हे दोन्ही तुकडे मोबाइलवर फिरतात, पोरं त्यांच्या नकला करतात. त्यावरून आरोप होतो की या चित्रपटांनी गुंडगिरीला सोन्याचा मुलामा दिला आणि चाळीतली मुलं नादी लावली.

आरोपामागची काळजी खरी आहे. ज्याचा मुलगा कॉलेज सोडून कुणा भाईच्या मागे हिंडू लागलाय, त्या बापाशी मी वाद घालणार नाही. पण आरोप चित्रपटावर असेल तर चित्रपट शेवटपर्यंत पाहायला हवा. खडकावरची आरोळी दोन मिनिटांची आहे. बाकीच्या दोन-अडीच तासांत काय आहे?

‘सत्या’चा नायक, भिकूच्या टोळीतला सत्या, प्रेयसी विद्याला घेऊन सिनेमाला जातो. पोलिसांना खबर लागते. थिएटरचे दरवाजे बंद होतात, एकच उघडा ठेवला जातो, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा तपासला जातो. सत्या गोळी झाडतो, चेंगराचेंगरी होते, तिकीट काढून आलेली साधी माणसं पायाखाली मरतात. विद्या वाचते. त्या रात्रीनंतर सत्या पूर्वीचा राहत नाही, कारण त्या पायांखाली ती असू शकली असती. ज्याच्या टोळीला शहर घाबरतं त्याला आपल्या माणसाशेजारी बसून एक सिनेमा पुरा पाहता येत नाही. आपण काय काम करतो हेही तो तिला सांगू शकत नाही. आणि भिकू? ज्या भाऊ जावळेसाठी तो राबला, तोच भाऊ निवडणूक जिंकल्यावर त्याला आपल्या घरात, हसतखेळत बसलेला असताना गोळी घालतो. राजा कोण, या प्रश्नाचं उत्तर चित्रपटाने दिलेलं आहे. नक्कल करणाऱ्यांनी तिथपर्यंत पाहिलं नाही, हा दोष दिग्दर्शकाच्या माथी मारता येत नाही.

शिवाय चित्रपट आले म्हणून मुलं टोळ्यांत गेली, हा क्रमच उलटा आहे. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांची चूल विझत गेली. लालबाग-परळच्या घरांत हाताला काम नसलेली तरुण पोरं बसून होती आणि टोळ्यांना पोरं हवी होती. ‘सत्या’ पडद्यावर आला तो यानंतर सोळा वर्षांनी. रघूही सुरुवातीला पावभाजीची गाडीच लावतो, हे आपण सोयीस्कर विसरतो.

मात्र या चित्रपटांचे समर्थक जे उत्तर देतात, तेही मला पटत नाही. ते म्हणतात, गुंड शेवटी मरतोच की, मग आणखी काय बोध हवा? हा युक्तिवाद फार जुना आणि फार दुबळा आहे. १९३२ साली अमेरिकेत ‘स्कारफेस’ आला, तेव्हा सेन्सॉरच्या दबावाने त्याला ‘राष्ट्राची लाज’ अशा अर्थाचं उपशीर्षक जोडलं गेलं आणि गुंडाला फासावर चढवणारा वेगळा शेवटही चित्रित केला गेला. उपयोग काय झाला? अठरा वर्षांच्या मुलाला मरणाची भीती घालता येत नाही. त्या वयात गोळ्या झेलत पडणं हेच शौर्य वाटतं. संथ गतीत कोसळणारा नायक आणि मागे वाजणारा ढोल असे शेवट मलाही घातक वाटतात. मरण ही या धंद्याची शिक्षा म्हणून दाखवली की त्याआधीचं आयुष्य मजेचं होतं, असं आपोआप ठरून जातं.

नेपल्सच्या कॅमोरा टोळ्यांवरचा मात्तेओ गारोनेचा ‘गोमोरा’ (२००८) इथे मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. ज्या पुस्तकावर तो बेतला, त्याचा लेखक रोबेर्तो साव्हियानो २००६पासून पोलिसांच्या पहाऱ्यात जगतो आहे. या चित्रपटात दोन पोरं आहेत, मार्को आणि चिरो. एका ओसाड बंगल्यात ती १९८३च्या नव्या ‘स्कारफेस’मधल्या गुंडाची नक्कल करत हुंदडतात. म्हणजे आपल्या टीकाकारांना ज्याची भीती वाटते, तेच गारोनेने पडद्यावर मांडलं आहे. शेवटी त्या पोरांना फसवून समुद्रकिनारी बोलावतात, मारतात, आणि त्यांची प्रेतं बुलडोझरच्या फावड्यात घालून नेतात. संगीत नाही, कुणाचा हंबरडा नाही. बांधकामाचा राडारोडा उचलावा तशी ती उचलली जातात. त्याच चित्रपटात घरोघर वाणसामान पोचवणारा तोतो आहे, जेमतेम तेरा वर्षांचा. त्याच्या मित्राची आई मारिया त्याला ओळखते, त्याच्यासाठी दार उघडते. टोळी त्याला सांगते, तिला बाहेर बोलाव. तो बोलावतो. मला चित्रपटातलं सगळ्यात भयंकर दृश्य हे वाटतं, कारण तोतो जिवंत राहतो आणि त्याला उद्याही सकाळी उठायचं आहे.

हीच या आयुष्याची खरी कळा, आणि ती रोजची आहे. ‘डॉनी ब्रास्को’तले न्यूयॉर्कचे माफियावाले पार्किंगचे मीटर फोडून चिल्लर काढतात. ‘द सोप्रानोज’ मालिकेतला टोळीप्रमुख टोनी भीतीने चक्कर येऊन पडतो, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो हे आपल्याच लोकांपासून लपवतो, कारण कळलं तर जीव जाईल. यातलं काहीही मोबाइलवरच्या तुकड्यात मावत नाही.

म्हणून मी ‘वास्तव’च्या बाजूने उभा राहीन, पन्नास तोळ्यांच्या दृश्यासकट. साखळी मिरवण्याचं ते सुख खोटं दाखवलं असतं तर पुढचं दुःख कुणी खरं मानलं नसतं. ज्या नेत्यासाठी रघूने माणसं मारली, त्याला आता रघू नकोसा झालाय. नशेने आणि भीतीने पोखरलेला तो घरी येतो. ज्या आईला साखळी दाखवली, तिच्याच हातात पिस्तूल देतो आणि यातून सोडव म्हणून गयावया करतो. ती गोळी झाडते. आईच्या भूमिकेतल्या रीमा लागूंच्या चेहऱ्याकडे तेव्हा बघवत नाही.

चित्रपट सुरू होतो तो मात्र बराच नंतर, रघूच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, समुद्रकाठी. विधी चालू असतात, आणि हे कुणासाठी करतो आहोत म्हणून त्याचा लहान मुलगा आजीला विचारतो. तिला ते सांगावं लागतं.