दिसलं नाही म्हणून कापलं

गेल्या पावसाळ्यात म्हापशाकडच्या एक बाई पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्याला माझ्याकडे आल्या. हातात काळी पेटी, कडा उसवलेल्या, कडीला सुतळी बांधलेली. त्यांचे आजोबा तारवटी, आयुष्य जहाजावर गेलं. परत येताना त्यांनी आणलेली इलेक्ट्रिक हवाईयन गिटार त्या पेटीत होती. "मध्ये दुरुस्त करून घेतली, पण आवाज पत्र्यासारखा येतो. आजोबा वाजवायचे तेव्हा असा नव्हता," त्या म्हणाल्या. मी पेटी उघडली आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना.

गिब्सनची ईएच-१५०. १९३०च्या दशकातलं वाद्य. मध्ये उजळ आणि कडेला काळपट होत जाणारा तपकिरी रंग अजून शाबूत होता. आणि तारांच्या खाली, वरच्या फळीला तळहाताएवढं भगदाड. पटाशीचे घाव सरळसुद्धा नव्हते. लाकडाच्या शिरा उभ्या फाटल्या होत्या. त्या भगदाडात एक स्वस्तातला नवा पिकअप कोंबून भोवतीनं एम-सील थापलं होतं, त्यावर बोटांचे ठसे तसेच. मूळ पिकअप कुठे आहे, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "दुकानदार म्हणाला, हिच्यात पिकअपच नव्हता."

मी चाळीस वर्षं बांद्यात पेट्या, बेंजो, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. मूर्खपणा मला नवा नाही. पण पिकअप नसलेली इलेक्ट्रिक गिटार असू शकते, हे मानणारा माणूस वाद्यांचं दुकान उघडून बसतो आणि लोक त्याच्याकडे घरातल्या वस्तू विश्वासानं नेतात, याची मला चीड येते. गिटारला वायर जोडायची खाच आहे, आवाज कमीजास्त करायचं बटण आहे, आतून वायर निघते. मग ती वायर कुठून निघते, एवढा प्रश्न त्याला पडू नये?

बाईंना घेऊन मी त्या दुकानात गेलो. नाव सांगत नाही, कारण असा तो एकटा नाही. त्यानं बिनदिक्कत सांगितलं, "वर मधोमध एक पट्टी होती, शोभेची. खाली दोन लोखंडी कांबी होत्या, वजनाला टाकलेल्या. कॉइलसारखं काहीतरी होतं, ते तुटलेलंच होतं, फेकलं." मी विचारलं, कांबी कुठे आहेत? त्यानं भिंतीकडे बोट केलं. खिळ्याला दोरीनं टांगलेल्या दोन कांबी, आणि त्यांना मधमाश्यांसारखे चिकटलेले स्क्रू, चुका, वॉशर. सांडलेले खिळे गोळा करायला तो त्या वापरत होता. ते लोहचुंबक आहेत हे त्याला कळलं होतं. गिटारच्या पोटात लोहचुंबक कशाला असेल, हा विचार मात्र त्याच्या डोक्याला शिवला नव्हता.

ती शोभेची पट्टी हाच त्या पिकअपचा वर दिसणारा भाग. बाकी सगळं फळीखाली, तीन स्क्रूंनी टांगलेलं. दोन लांब, जड चुंबक आडवे झोपवलेले, त्यांची ताकद मधल्या पोलादी पट्टीत येते, पट्टीभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी. पोलादाची तार छेडली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, गुंडाळीत वीज उमटते, ती अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते. पिकअप म्हणतात तो एवढाच. लाकूड, अ‍ॅल्युमिनियम, बेकेलाइट, प्लॅस्टिक यांतलं काहीही चुंबकाला अडवत नाही, म्हणून तो झाकता येतो. ही शाळेत आठवीत शिकवलेली गोष्ट आहे. गिब्सनच्याच ईएस-१५० या स्पॅनिश पद्धतीनं धरून वाजवायच्या गिटारमध्ये हीच रचना होती, ती जॅझवादक चार्ली ख्रिश्चननं वाजवली आणि पुढे लोक त्या पिकअपला त्याच्याच नावानं ओळखायला लागले. जगभरातले वादक ज्या आवाजाच्या मागे लागतात, तो या दुकानात खिळे वेचत होता.

आपल्याकडे दशावतारात पायपेटी वाजते. तिचे सूर बाहेरून दिसतात का? भात्याच्या वर, लाकडाच्या आत, पितळेच्या पट्ट्या ओळीनं बसवलेल्या असतात. सूर दिसत नाहीत म्हणून पेटीला बाहेरून भोंगा ठोकून देतो, असं कोणी म्हणालं तर नाटकमंडळी त्याला रंगमंचावरून खाली ओढतील. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा सरकवलेला असतो, चार हातांवरून दिसत नाही, आणि सगळी जवारी त्याच्यावर उभी असते. आपल्या माणसाला लपलेल्या गोष्टीतून नाद येतो हे नवीन नाही. परदेशी वस्तू समोर आली की मात्र ही अक्कल कुठे जाते कोण जाणे.

लोकांना आणखी एक माहीत नसतं, आणि ते माहीत नसल्यामुळेच ही वाद्यं मरतात. बाजारात विकली गेलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार ही मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटारच होती. जोसेफ केकुकू या हवाई बेटांवरच्या पोरानं तारांवर पोलादी तुकडा घासून वाजवायची रीत काढली. १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेला या वादनाचं वेड लागलं. पण बँडमध्ये पितळी वाद्यांपुढे तिचा आवाज बुडायचा. जॉर्ज बोशाँनं १९३१मध्ये त्यावर तोड काढली आणि पुढच्या वर्षी रिकेनबॅकरच्या कारखान्यातून ती गिटार बाहेर पडली, अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामाची, तव्यासारखी गोल, लोक तिला तवाच म्हणायचे. पेटंटचा अर्ज १९३४चा, मंजुरी १९३७ची. तिच्यात घोड्याच्या नालाच्या आकाराचे चुंबक तारांच्या वरून कमानीसारखे गेलेले उघड दिसतात, आंधळ्यालाही सापडतील. त्यानंतरच्या कारखानदारांनी तो भाग आत नेला. कोणी रूप नीट दिसावं म्हणून, कोणी हाताला अडथळा नको म्हणून. नॅशनलच्या न्यूयॉर्कर मॉडेलला काळ्या-पांढऱ्या पायऱ्यांसारखं अंग आहे, आणि त्यातल्या काहींत वरून पिकअपचा मागमूस नाही. लिओ फेंडर आणि डॉक कॉफमन यांनी तर तारा गुंडाळीच्या पोटातूनच नेल्या, त्या रचनेचं पेटंट १९४८चं. तिथे कोणी स्क्रूड्रायव्हर घालून पिकअप उचकटायला गेला तर तारा न काढता ओढून गुंडाळीच तोडणार.

हे सगळं आपल्या मुलखाबाहेरचं, असंही कोणी समजू नये. ताऊ मो हा हवाईयन वादक कुटुंबासह १९४०च्या दशकात कलकत्त्यात राहिला, आणि या वाद्याचं वेड तिथून देशभर पसरलं. व्हॅन शिपली मुंबईच्या फिल्मी दुनियेत इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. हजारा सिंग आणि सुनील गांगुली यांच्या रेकॉर्डींवर फिल्मी गाणी गिटारनं गायली. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले, १९६७ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही रेकॉर्ड आजही घरोघरी ऐकली जाते. विश्वमोहन भट्टांनी तिच्यातूनच मोहनवीणा घडवली आणि १९९४मध्ये ग्रॅमी आणलं. या रेकॉर्डी इथल्या घरांत होत्या, मुंबईला मिलमध्ये गेलेला चाकरमानी त्या घेऊन गणपतीला यायचा. ज्यांच्या आजोबांनी ती वाद्यं जपून आणली, त्यांच्या नातवंडांनी ती कापू द्यायची?

आमच्या हवेबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण खरा घोळ तिथे होतो. तेरेखोलचं पाणी पावसात बांद्याच्या बाजारपेठेत शिरतं. चार महिने भिंती घाम फोडतात. गुंडाळीची तार केसासारखी, तिच्यावरचा मुलामा एखाद्या ठिकाणी गेला की तांब्याला हिरवा गंज चढतो आणि तार तुटते. डागाचा सांधा सुटतो. बटणात कचरा बसतो. आवाज बंद होतो. आवाज बंद झाला याचा अर्थ पिकअप नाही, असा काढणारा कारागीर आणि ताप आला म्हणून रुग्णाचं काळीज नव्हतंच म्हणणारा डॉक्टर यांत मला फरक दिसत नाही. तुटलेली गुंडाळी पुन्हा वळता येते. वेढे मोजून, तीच जाडी धरून, आठवडाभराचं काम आहे. लाकूड मात्र पुन्हा उगवत नाही.

आणि तपासणी किती साधी आहे, ते ऐका. दोराला टाचणी बांधा आणि फळीवरून हळूहळू फिरवा. जिथे चुंबक आहे तिथे टाचणी तिरकी ओढली जाते. मुलांच्या कंपासपेटीतलं होकायंत्र असेल तर त्याचा काटा गिरकी घेतो. मग बटण पूर्ण उघडून, वायर जोडायच्या खाचेवर मल्टीमीटर लावा. दीड-दोन हजारांपासून दहा-बारा हजार ओहमपर्यंत काही आकडा आला, तर आत जिवंत गुंडाळी आहे. काहीच आला नाही तर तार किंवा सांधा तुटलाय, शून्याजवळ आला तर कुठेतरी चिकटलंय. अ‍ॅम्प्लिफायर चालू करून तारांखाली स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच टेकवा, पिकअपवर टक् असा आवाज येतो. पंधरा मिनिटं लागतात. त्या दुकानात मल्टीमीटर टेबलावर होता, मी स्वतः पाहिला, त्याच्यावर चहाचा कप ठेवलेला.

मला माहीत आहे, लोक काय म्हणतात. "वस्तू मालकाची, तो कापायला सांगतो, आम्ही कापतो." मालकाला माहीत नसतं, म्हणूनच तो तुमच्याकडे येतो. "जुना आवाज आता कोणाला हवाय, नवा पिकअप खणखणीत वाजतो." मग नवी गिटार विका त्याला, चार पैसे तुम्हालाही सुटतील. नव्वद वर्षांच्या वाद्यावर पटाशी कशाला चालवता? आणि सगळ्यात संतापजनक, "मूळ पिकअप नाही" असं सांगून स्वस्तात घेणारे दलाल. त्यांना तो आत आहे हे ठाऊक असतं. घरातल्या म्हाताऱ्या बाईला ते ठाऊक नसतं. याला मी व्यापार म्हणत नाही, याला चोरी म्हणतो.

हीच खोड आता बेंजोला लागली आहे, म्हणून मला ओरडून सांगावंसं वाटतं. आपला बेंजो मूळचा जपानी. नागोयाच्या मोरिता गोरोनं १९१२मध्ये तैशोगोतो केला, तो हिंदुस्थानात आला, त्याचा बुलबुलतरंग झाला आणि कोकणातल्या पोरांनी त्याला वीज जोडून गणपतीच्या मिरवणुकीत आणि शिमग्यात नेला. त्याचाही पिकअप बटणांच्या पट्टीखाली झाकलेला असतो. जुन्या कारागिरांनी हातानं वळलेल्या गुंडाळ्या आहेत त्यांत, प्रत्येकाचा आवाज वेगळा. मिरवणुकीच्या आदल्या रात्री एखाद्याचा आवाज गेला की पोरं माझ्याकडे येतात, "काका, ह्येच्यातलो सगळो काढून नवो घाला, येळ नाय." मी काढत नाही. दहातल्या आठ वेळा सांधा सुटलेला असतो. डाग देतो, वाजवून दाखवतो, परत पाठवतो.

बाईंच्या गिटारचं सांगायचं तर, ते दोन चुंबक मी खिळ्यावरून उतरवून घेतले. जुन्या पोलादी चुंबकांना ठोकणं, आपटणं, उघडं टांगणं सोसत नाही, त्यांची ताकद उतरते, त्यामुळे ते पुन्हा चुंबकित करून घ्यावे लागले. पट्टी दुकानाच्या रद्दीत सापडली. गुंडाळी मी नव्यानं वळली. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या एका सुतारानं भगदाडात ठिगळ बसवलं, लाकडाची शीर जुळवून, इतक्या हळुवार हातानं की पाहून माझा राग थोडा उतरला. तरी ठिगळ ते ठिगळच. आवाज परत आलाय, पूर्वीसारखा नाही, पण पत्र्याचाही नाही. बाईंनी तारांवर पोलादी कांडी फिरवली, एकच सूर लावला आणि पेटी बंद केली.

तुमच्या माळ्यावर, आजोळी, देवघरामागच्या खोलीत अशी गिटार असेल, तर ती कोणाच्याही हातात देण्याआधी टाचणी बांधून फिरवून बघा. आणि दुकानात दिलीच, तर पावतीवर दुकानदाराच्या हातून लिहून घ्या: लाकूड कापायचं नाही, आतून निघालेली प्रत्येक वस्तू परत द्यायची.