मजुरी आणि प्रार्थना

पवित्र शास्त्राचे अध्यायच्या अध्याय तोंडपाठ असणारी ख्रिस्ती घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना एकच प्रश्न विचारावासा वाटतो: मोलकरणीचा पगार तुम्ही ठरल्या दिवशी देता काय?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. शास्त्राला मात्र तो क्षुल्लक वाटत नाही. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, असे लेवीय पुस्तकाचा १९वा अध्याय सांगतो. ‘अनुवाद’ या पुस्तकाचा २४वा अध्याय तर सूर्यास्ताचीच मुदत घालतो. मजूर स्वकीय असो वा परका! ‘हे जुन्या करारातले नियम, आम्हांला लागू नाहीत,’ अशी पळवाट काढणाऱ्यांनी नव्या करारातले याकोबाचे पत्र उघडावे. दाबून ठेवलेली मजुरी तेथे देवाकडे आक्रोश करते.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणले. त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ साली, ते छापून निघाले. छपाईला हात लागले ते केडगावच्या मुक्ती मिशनातल्या बायकांचे. हे कष्ट ग्रंथाने कपाट सजावे म्हणून नव्हते. अल्पशिक्षित बाईलाही तो कळावा म्हणून होते.

तेव्हा नाताळच्या दानपेटीत नोट टाकण्यापूर्वी घरातली थकबाकी फेडा. दान वेदीपाशी तसेच ठेवून आधी भावाशी समेट करावा, ही येशूची शिकवण. जिचे पैसे आपल्याकडे अडकले, ती आपली बहीण नव्हे काय? उद्या तीच हा अध्याय वाचू लागली, तर मान कोणाची खाली जाईल?