डबा की उपाहारगृह? वादच खोटा!

मुलांना घरचा डबा द्यावा की शाळेच्या उपाहारगृहात विकत घेऊ द्यावे, असा वाद भांडवली वृत्तपत्रे रंगवतात आणि दोष आईच्या माथी मारतात. पहाटे बांधकामावर जाणाऱ्या मजूर स्त्रीच्या घरी पिठाचाच डबा रिकामा असतो, हे त्यांच्या गावीही नसते! शिजवलेले माध्यान्ह भोजन प्राथमिक शाळांत द्यावे, यासाठी २००१ साली सर्वोच्च न्यायालयाला आदेश काढावा लागला. केंद्राची योजना आजही आठवीपर्यंतच. नववीतल्या मुलाला जणू भूकच लागत नाही! आणि रांधणाऱ्या स्त्रियांना काय? केंद्राने २००९ साली ठरवले दरमहा १००० रुपये, वर्षाचे दहाच महिने. त्याला ‘मानधन’ म्हणायचे. वेतन म्हटले की किमान वेतनाचा कायदा आडवा येतो! बारावीपर्यंत भोजन आणि या स्त्रियांना कामगाराचा दर्जा, या मागण्या एकत्रच लढवाव्या लागतील.